कृपया यादीतून निवडा

आमचं घर रायपूरच्या बूढापाऱ्यात आहे आणि बांधल्यापासून ते तसूभरही हललेलं नाही. तरीही आजोबांची राजधानी नागपूर होती, बाबांची भोपाळ झाली आणि माझ्या मुलीची रायपूर. आजोबा जन्मले मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९५० साली त्याचं मध्य प्रदेश झालं, पण राजधानी नागपूरच राहिली. १९५६ साली नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि आमच्या वाट्याला भोपाळ आलं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं नि राजधानी स्वतःच चालत आमच्या दारात आली. एवढ्या उलथापालथीत आमच्या ओसरीवरची लाकडी खुर्चीसुद्धा जागची हलली नाही. हलवली असती तर मोडली असती.

नवं राज्य झाल्याचं आकाशवाणीने सांगितलं, पेपरांनी छापलं, गाड्यांच्या पाट्यांवर 'सीजी' आलं. फक्त 'राज्य निवडा' म्हणणाऱ्या त्या छोट्या खिडकीला कोणी कळवलं नाही. विम्याचा अर्ज असो, परीक्षेचा फॉर्म असो की घरपोच चपलांची ऑर्डर, पुढे कित्येक वर्षं तोच प्रकार. खिडकी उघडायची, 'सी'पर्यंत खाली यायचं, चंदीगड असायचं, त्याच्याखाली एकदम दादरा आणि नगर हवेली. नाइलाजाने मध्य प्रदेश निवडायचं. मग पिनकोड ४९२००१ टाकला की लाल अक्षरं उमटायची : 'हा पिनकोड निवडलेल्या राज्यात नाही.' म्हणजे मी कुठे राहतो हे त्या यंत्राला पक्कं ठाऊक होतं, फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शेवटी फोन लावला.

"सर, तुमचं राज्य यादीत नसेल तर जे जवळचं वाटतं ते निवडा."

मी महाराष्ट्र निवडलं. त्या चपला अजून यायच्या आहेत.

हा दिल्ली-मुंबईवाल्यांनी आमच्यावर केलेला अन्याय आहे असं माझं ठाम मत होतं. मग ऑफिसच्या एका समितीवर बसलो आणि कळलं, की हा अन्याय नसून स्टॅटिक लिस्ट आहे.

आमची फर्म भातगिरण्यांचे सुटे भाग विकते. रबर रोल, पट्टे, बेअरिंग, चाळण्या. ऑफिस बूढापाऱ्यात, गोदाम भनपुरीत, बहुतेक गिऱ्हाईक धमतरीपासून पार गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत. पन्नास वर्षं हा धंदा मुनीमजींच्या लाल वहीवर चालला, पंधरा वर्षं एका जुन्या प्रोग्रॅमवर, आणि मग मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला गेले. तिथे जेवणाच्या रांगेत त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने 'तुमच्याकडे एन्टरप्राइज सॉफ्टवेअर नाही?' असं विचारलं. त्या स्वरात लोक सहसा 'तुमच्याकडे संडास नाही?' असं विचारतात. साहेब परत आले ते सॉफ्टवेअर विकत घेऊनच.

समितीत माझी नेमणूक झाली ती मी मराठी आहे म्हणून. सल्लागार पुण्याचा येणार होता, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा कोणीतरी असावा अशी साहेबांची इच्छा. पहिल्या सकाळी मी अगत्याने त्याला विचारलं, "चहा घेऊन राहिले ना तुम्ही?" त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्यानंतर संपूर्ण प्रकल्पभर तो माझ्याशी इंग्रजीत बोलला.

तर त्याने पडद्यावर प्रश्न मांडला. फॉर्ममध्ये जिथे जिथे माणसाने टाइप न करता यादीतून निवडायचं असतं, तिथली यादी यायची कुठून? एक मार्ग स्टॅटिक. प्रोग्रॅमरने ती एकदाच आत टाइप करून ठोकून दिलेली, बदलायची तर पुन्हा प्रोग्रॅमरच्या पायऱ्या चढायच्या. दुसरा डायनॅमिक. आत एक तक्ता असतो, त्याला मास्टर म्हणतात. त्यात भर घातली की यादीत आपोआप दिसते. "जे कधीच बदलत नाही ते स्टॅटिक ठेवा," सल्लागार म्हणाला, "जे बदलतं ते डायनॅमिक. अगदी सोपं आहे."

मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला. "मग सगळंच स्टॅटिक करा. बदल झाला की उधारी बुडते."

"तसं नाही. खरोखर कधीच बदलत नाहीत अशा गोष्टी सांगा."

इथून समितीचा खरा घात सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, महिने. सल्लागाराने आनंदाने 'महिने : बारा : स्टॅटिक' असं लिहिलं. मी घरी येऊन ही प्रगती सांगितली, तर आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आणि अधिक महिना कुठं टाकून राहिले रे तुम्ही?" २०२३ साली अधिक श्रावण होता, आत्याने तो संपूर्ण पाळला होता आणि जावयाला अनरसेही दिले होते, त्यामुळे तिच्यासमोर बारा हा आकडा टिकेना. दुसऱ्या दिवशी मी हे समितीत मांडलं. सल्लागाराने मराठी महिने आपल्या कार्यकक्षेत येत नाहीत असं इंग्रजीत सांगितलं.

मग कॅशियर म्हणाला, नोटा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्याला स्वतःलाच आठवलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये रोकड मोजायच्या पानावर नोटांची यादी ठोकलेली होती : हजार, पाचशे, शंभर आणि खाली उतरत. नोव्हेंबर २०१६ मध्ये हजाराची नोट गेली, दोन हजाराची आली, आणि यादी होती तिथेच होती. दोन हजाराची एक नोट आली की हा पठ्ठ्या हजाराच्या दोन लिहायचा. बेरीज पैशापर्यंत जुळायची. वर्षअखेरीला ऑडिटर आले आणि त्यांना आमच्या तिजोरीत, नोटबंदीनंतर चार महिन्यांनी, दररोज नव्याने येत असलेल्या हजाराच्या नोटा दिसल्या. त्यांनी पाणी मागितलं.

"जीएसटीचे दर तरी?" मुनीमजींनी हट्ट सोडला नाही. जुलै २०१७ पासून पाच, बारा, अठरा, अठ्ठावीस हे त्यांना पाढ्यांइतकं पाठ. सल्लागाराने नुसती मान हलवली. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंवरचे बारा नि अठ्ठावीस गेले, वर चाळीस येऊन बसला. मुनीमजींना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी ते मानलं नव्हतं.

"ग्रह?" गोदामवाले भैया म्हणाले. ते अशा सभांना बिस्किटांसाठी येतात.

"प्लूटोला २००६ साली काढलं."

"तो आमच्या नऊमध्ये नव्हताच," मुनीमजी उसळून म्हणाले. "आमच्या पंचांगात सूर्यापासून केतूपर्यंत तेव्हाही नऊ, आजही नऊ." त्या दिवशीच्या सभेत स्टॅटिक पक्षाला मिळालेला हा एकमेव निर्विवाद विजय. दुर्दैवाने भातगिरणीच्या बिलात ग्रहांचा रकाना नसतो.

आणि मग निघाला जिल्ह्यांचा विषय.

ज्यांच्या राज्यात जिल्हे शांतपणे एका जागी बसून असतात त्यांना आमचं दुःख कळायचं नाही. छत्तीसगड जन्मलं तेव्हा १६ जिल्हे होते. २००७ मध्ये १८ झाले. आमचा जुना प्रोग्रॅम त्यानंतर आला, तेव्हा त्यात १८ ठोकले गेले आणि आम्ही निर्धास्त झालो. २०१२ मध्ये एकदम नऊ वाढून २७. फेब्रुवारी २०२० मध्ये गौरेला-पेंड्रा-मरवाही धरून २८. २०२२ मध्ये आणखी पाच, एकूण ३३. त्यातल्या खैरागडची कथा तर अशी, की तिथे विधानसभेची पोटनिवडणूक लागली, आम्ही जिंकलो तर जिल्हा देऊ असं वचन सत्ताधाऱ्यांनी दिलं, एप्रिल २०२२ मध्ये ते जिंकले आणि जिल्हा जाहीर झाला. प्रत्येक वेळी आम्ही यादी दुरुस्त करायचा अर्ज द्यायचो, तो मंजूर व्हायचा, प्रोग्रॅमर शनिवारी रात्री बसून बदल करायचा. पण आमची यादी नेहमी एक निवडणूक मागेच असायची. गरियाबंदचा गिऱ्हाईक स्वतःचा जिल्हा झाल्याचे पेढे घेऊन आला, तेव्हा आम्ही ते पेढे खाल्ले आणि बिल 'रायपूर' लिहून फाडलं.

मुनीमजींचा या बाबतीत एक सिद्धान्त आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गड, दक्षिणेला अठरा गड, त्यावरून छत्तीसगड हे आम्ही शाळेत शिकलो. "तेहतीस झाले. तीन बाकी आहेत. छत्तीस झाले की थांबतील. मग स्टॅटिक करा."

त्यात नावांची लांबी. नवा जिल्हा करताना कोणत्याच गावाला दुखवायचं नाही म्हणून तिन्ही गावं ओळीने लिहिली जातात : मोहला-मानपूर-अंबागड चौकी, खैरागड-छुईखदान-गंडई, मनेंद्रगड-चिरमिरी-भरतपूर. लोक शहाणे आहेत, ते एमसीबी, केसीजी म्हणून मोकळे होतात. संगणकाला तेवढी सवलत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याच्या नावाला तीस अक्षरांची जागा होती. अंबागड चौकी इंग्रजीत अठ्ठावीसमध्ये बसली. गंडई एकोणतीसमध्ये, पोट आत ओढून. मनेंद्रगडवाल्यांची जोडरेघांसकट एकतीस भरली. तेव्हापासून त्या जिल्ह्यातली आमची सगळी बिलं 'भरतपु'ला जातात. सक्ती जिल्ह्याचं नाव पाचच अक्षरांचं आहे हे कळल्यावर प्रोग्रॅमरने त्या जिल्ह्याच्या दिशेने हात जोडले.

हे सगळं ऐकून साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आजपासून सगळं डायनॅमिक. ज्याला जे हवं ते त्याने घालावं." सल्लागाराने 'पण' एवढाच शब्द उच्चारला. साहेब विमानतळाकडे निघून गेले होते.

स्वातंत्र्याचा तो काळ मी विसरणार नाही.

पहिला बळी आमचा मोहल्ला. बूढापारा हे नाव इंग्रजीत कसं लिहायचं याबद्दल बूढापाऱ्यातच एकमत नाही. कोणी मधे जागा सोडतो, कोणी दोन 'ओ' घालतो, कोणी 'ढ'च्या जागी 'आर' आणि 'एच' लिहितो, एका नव्या मुलाने तर तो बुद्धांच्या नावे केला. मास्टरमध्ये हे सगळे वेगवेगळे मोहल्ले म्हणून नांदू लागले. पंधरवड्यात बूढापारा हा रायपूरमधला सर्वांत मोठा विभाग झाला. शिवाय एक बूढापारा असा होता की तो हुबेहूब खऱ्यासारखा दिसायचा, पण निवडला की काहीच सापडायचं नाही. दोन दिवसांनी कळलं, की त्याच्या शेपटाला एक कोरी जागा चिकटलेली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जागेत चार गिऱ्हाइकांची उधारी अडकली होती.

'जवळची खूण' या यादीचं तर विचारूच नका. आमच्या इथली सगळ्यात मोठी खूण म्हणजे बूढातालाब. सरकारदरबारी तो विवेकानंद सरोवर. विवेकानंद लहानपणी, नरेंद्रनाथ असताना, १८७७ मध्ये रायपूरला आले आणि याच बूढापाऱ्यात राहिले. तलावाच्या मधोमध त्यांचा बैठा पुतळा आहे, सदतीस फुटी, चुकणं अशक्य. पण रिक्षावाल्याला सरोवर म्हटलं तर तो 'ते कुठं आलं?' विचारतो. आमच्या मास्टरमध्ये बूढातालाब आहे आणि विवेकानंद सरोवरही आहे. हे दोन वेगळे तलाव असून सॉफ्टवेअर त्यांच्यामधलं अंतर काढून द्यायला तयार आहे.

मापांच्या यादीत नग, नगं, पीस, पिस, पीसेस, 'पीस.' असा पूर्णविरामासकटचा पीस आणि 'जोडी (एक)' हे आले. ही 'जोडी (एक)' म्हणजे काय हे गोदामवाले भैयांनाच ठाऊक, आणि ते सांगत नाहीत. गिऱ्हाइकाचा प्रकार या यादीत घाऊक आणि किरकोळ असे दोनच पर्याय होते, त्यांत 'चांगला', 'बरा', 'फोन उचलत नाही' आणि 'साहेबांचा साडू' यांची भर पडली. खरं सांगायचं तर ही यादी मला आजही सल्लागाराच्या मूळ यादीपेक्षा उपयोगी वाटते. वसुलीला निघताना घाऊक-किरकोळ कळून काय करायचंय? फोन उचलतो की नाही हे कळलं पाहिजे.

आणि प्रत्येक यादीच्या तळाशी 'टेस्ट', 'टेस्ट २', 'टेस्ट नवीन' आणि 'चालू आहे का'. हे कोणी घातलं ते कोणीच सांगत नाही. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जा, 'टेस्ट' नावाचा एक गिऱ्हाईक असतोच, आणि त्याच्याकडे थोडी बाकीही निघते.

साहेब परतले, त्यांनी यादी पाहिली, साडूचा पर्याय वाचला आणि स्वातंत्र्य संपलं. आता मास्टरमध्ये नवा शब्द घालायचा तर विनंती-अर्ज भरायचा, तो मुनीमजी तपासणार, साहेब मंजूर करणार. मी उत्साहाने पहिला अर्ज भरायला बसलो. 'विनंतीचे कारण' इथे यादी होती. त्यात 'स्पेलिंग दुरुस्ती', 'कायद्यातील बदल' आणि 'वरिष्ठांचा आदेश' हे तीन पर्याय. माझं कारण होतं 'नवा जिल्हा झाला'. ते यादीत नव्हतं. सल्लागाराला विचारलं.

"मग आधी कारणांच्या यादीत नवं कारण घालण्याची विनंती करा."

"कुठल्या अर्जावर?"

"याच."

आता एक बाजू सल्लागाराचीही सांगितली पाहिजे, कारण खरा अवघड प्रश्न त्यानेच काढला आणि तो आम्हा कोणाच्या डोक्यात आला नव्हता. यादीत भर घालणं ठीक, पण यादीतून काही काढलं किंवा बदललं तर जुन्या कागदांचं काय? आमचं एक बिल २०१५ चं, औरंगाबादचं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मास्टरमध्ये नाव बदललं की २०१५ च्या बिलावरही नवं नाव छापून येतं, म्हणजे जे नाव तेव्हा नव्हतंच त्या नावाच्या जिल्ह्यात आम्ही माल पोचवलेला. जुनी ओळ पुसून टाकली तर बिलावर जिल्ह्याच्या जागी नुसता ४१७ असा आकडा येतो. आमच्या नव्या मुलाने तिसराच मार्ग काढला. त्याने 'शोधा आणि बदला' चालवून सगळीकडचं औरंगाबाद बदललं. बिहारातही एक औरंगाबाद जिल्हा आहे. तिथल्या आमच्या दोन गिऱ्हाइकांना एका रात्रीत मराठवाड्यात आणल्याबद्दल त्यांची पत्रं आली. एकाने कुतूहलाने विचारलंय, आता बिलावर कर कुठल्या राज्याचा लावणार?

यावर उपाय आहे, आणि तो मला मनापासून पटला. प्रत्येक नावाला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा दोन तारखा जोडायच्या, पुसायचं काहीच नाही, आणि नावाच्या मागे कधीच न बदलणारा एक क्रमांक ठेवायचा. केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक स्वराज्य निर्देशिका जिल्ह्यांना, तहसिलींना, गावांना असे क्रमांक देते. माधवराव सप्रे यांचं उदाहरण घ्या, ज्यांच्या नावाची शाळा आमच्या बूढापाऱ्यातच आहे. मराठी घरातला हा माणूस, त्याने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. पेंड्रा तेव्हा बिलासपूर जिल्ह्यात, आज गौरेला-पेंड्रा-मरवाहीत. राज्य तेव्हा मध्य प्रांत, आज छत्तीसगड. तारखा नसलेल्या मास्टरमध्ये सप्रे यांनी एकशेवीस वर्षं आधीच नव्या जिल्ह्याचा पत्ता छापलेला निघेल. मी हे उदाहरण समितीत दिलं. सल्लागार खूश झाला, आणि चुकून मराठीत 'अगदी बरोबर' म्हणाला.

"मग जुनी नावं यादीत दिसत राहणार?" साहेब.

"जुन्या बिलांना दिसणार, नव्यांना नाही."

"आणि मला?"

साहेबांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

तोवर नवं सॉफ्टवेअर तीन महिने चाललं होतं आणि साहेबांना पहिला मोठा अहवाल हवा होता : आपला माल सर्वांत जास्त कुठे खपतो? पडद्यावर रंगीत नकाशा आला. बंगालच्या उपसागरात एक भला मोठा तांबडा ठिपका होता. अंदमान आणि निकोबार. इंग्रजी वर्णानुक्रमात ते पहिलं येतं, खिडकी उघडली की तेच आधीपासून निवडलेलं असतं, आणि भनपुरीच्या गोदामात दुपारी चार वाजता ट्रक हॉर्न मारत उभा असताना कोणी खाली 'सी'पर्यंत जात नाही. गोदामवाले भैयांनी सांगितलं, "आता पहिलंच आलंय तर चांगलंच असेल."

पण साहेब भारावले होते. समुद्रात भातगिरण्या आहेत हे त्यांना नवं होतं, म्हणूनच बाजार मोकळा आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. मुलगा बराच वेळ संगणकाशी झगडून आला.

"साहेब, एके ठिकाणी पोर्ट ब्लेअर आहे, एके ठिकाणी श्री विजयपुरम आहे. कुठं जायचंय?"

सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदललं, हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, "दोन्हीकडे जाऊन येऊ."

ते मिटल्यावर पहिला पर्याय कोरा केला गेला. आता निवडल्याशिवाय पुढे जाता येईना. तेव्हा लोकांनी यादीच्या दुसऱ्या टोकाला धाव घेतली, जिथे प्रत्येक यादीत एक दयाळू शब्द बसलेला असतो : 'इतर'. पुढच्या तिमाहीत आमचा सर्वांत मोठा जिल्हा 'इतर' होता. सर्वांत जास्त खपणारा सुटा भाग 'इतर'. माल परत येण्याचं प्रमुख कारण 'इतर'. मुनीमजींनी माहिती पुरवली की कर्मचाऱ्यांच्या रजेच्या अर्जातही तेच आहे. साहेबांनी नकाशावर 'इतर' शोधलं, सापडलं नाही, तरी तिथे एक विक्री-प्रतिनिधी नेमावा असं टिपण त्यांनी लिहून ठेवलंय. ती जागा मला मिळावी अशी माझी इच्छा आहे. तिकडे फिरती बेताची असावी.

शेवटचा उपाय म्हणून सल्लागाराने आंतरराष्ट्रीय मानक काढलं. आपण कशाला ठरवायचं, आयएसओवाल्यांनी भारतातल्या राज्यांना दोन-दोन अक्षरं दिलेली आहेत, ती घेऊन टाकू. पाहिलं, तर आमच्या गाड्या आयुष्यभर 'सीजी' मिरवत असताना त्या यादीत छत्तीसगड कित्येक वर्षं 'सीटी' होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते सुधारलं. त्याच झटक्यात त्यांनी तेलंगणाचं 'टीजी' बदलून गाड्यांवर होतं तसं 'टीएस' केलं. मार्च २०२४ मध्ये तेलंगणाच्या नव्या गाड्यांचं 'टीएस' बदलून 'टीजी' झालं. जिनिव्हात कोणी मुनीमजी असतील तर त्या दिवशी त्यांनीही चष्मा कपाळावर चढवला असणार.

त्यामानाने आपल्या जनगणनावाल्यांची युक्ती मला जास्त रोखठोक वाटते. मोजणीच्या आधी ते सरळ राज्यांना बजावतात की अमुक तारखेनंतर जिल्ह्या-तहसिलींच्या सीमांना हात लावायचा नाही. २०२१ च्या जनगणनेच्या वेळी ती तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि आमचे पाच नवे जिल्हे त्या फटीतूनच जन्मले. आता २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही हद्द ठरली. हे मी मुनीमजींना सांगितलं, तेव्हा मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. "म्हणजे मोजणी संपेपर्यंत स्टॅटिक?" मी हो म्हटलं. त्यांनी त्याच दिवशी जिल्ह्यांच्या यादीची छपाई काढून तिला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकली.

समितीचा निर्णय असा : ग्रह स्टॅटिक. बाकी सगळं तारखांसकट डायनॅमिक, भर घालण्याचा अधिकार एकट्या मुनीमजींना. मुनीमजी भर घालत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात सगळं स्टॅटिक आहे आणि कागदावर डायनॅमिक, आणि दोन्ही पक्ष समाधानी आहेत. सल्लागार पुण्याला परत गेला. जाताना त्याने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "बरं वाटून राहिलं तुमच्याबरोबर काम करून."

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, सून, भाचा असले फॉर्म बनवत असेल तर त्याला माझा एवढा निरोप द्या. पहिला पर्याय कोरा ठेव. पुसण्याचं बटण काढून टाक. 'इतर' निवडणाऱ्याला पुढे निदान एक ओळ लिहायला लाव, म्हणजे आळसाला तेवढा तरी खर्च पडेल. आणि नावाला तीसच्या जागी साठ अक्षरं सोड, बाबा. मनेंद्रगड-चिरमिरी-भरतपूरवाल्यांचा एक 'र' आम्ही २०२२ पासून देणं लागतो.